वेब ॲपमध्ये आमच्या मेन्यूवर ब्राउझरचाही राइट क्लिकचा मेन्यू उघडतो. अख्ख्या पानावर राइट क्लिक बंद करून टाकावं का?

नका करू. तुम्ही लिहिलंय की टेबलाच्या ओळीवर माउसडाउनला, म्हणजे माउसचं बटण दाबताक्षणी, तुमचा मेन्यू उघडता, मॅकवर बहुतेक वेळा ठीक चालतं आणि विंडोजवर ब्राउझरचा मेन्यू त्यावर येऊन बसतो. एवढ्यावरून दोष कुठे आहे ते दिसतं, आणि त्यासाठी पानभर बंदी घालायची काही गरज नाही.

कॉन्टेक्स्टमेन्यू इव्हेंट (राइट क्लिकचा मेन्यू मागितला गेल्याची ब्राउझरने पानाला दिलेली सूचना) मॅक आणि लिनक्सवर बटण दाबताक्षणी येतो, विंडोजवर बटण सोडल्यावर. माउसडाउनला मेन्यू काढला, तर विंडोजवर बटण सुटेपर्यंत कर्सरखाली तुमचाच मेन्यू आलेला असतो. त्यामुळे इव्हेंटचं टार्गेट, म्हणजे तो ज्या घटकावर घडला तो, टेबलाची ओळ राहत नाही, तुमचा मेन्यू होतो. मेन्यू बहुधा बॉडीच्या शेवटी जोडलेला असणार, म्हणजे इव्हेंट टेबलावरच्या हँडलरपर्यंत (इव्हेंट आल्यावर चालणाऱ्या कोडपर्यंत) पोचतच नाही. प्रिव्हेंटडिफॉल्ट, म्हणजे ब्राउझरची नेहमीची कृती रोखणारी आज्ञा, कोणीच बोलवत नाही आणि ब्राउझर त्याचा मेन्यू दाखवतो. मॅकवर तुमचा मेन्यू पडद्यावर यायच्या आत इव्हेंट येऊन गेलेला असतो, म्हणून निभावतं. उद्या मेन्यू जरा लवकर रंगवला गेला तर तिथेही हेच होईल.

तेव्हा माउसडाउनमधला कोड काढून टाका. कॉन्टेक्स्टमेन्यू इव्हेंटमध्येच प्रिव्हेंटडिफॉल्ट करा आणि तिथूनच मेन्यू उघडा. शिवाय मेन्यूच्या स्वतःच्या घटकावर एक छोटा कॉन्टेक्स्टमेन्यू हँडलर लावा, ज्यात फक्त प्रिव्हेंटडिफॉल्ट असेल. बटणाचा क्रमांक २ (उजवं बटण) आहे का हे तपासून मेन्यू उघडण्याची पद्धत एरवीही अपुरीच आहे. मॅकवर कंट्रोल धरून साधं क्लिक केलं की बटण ० (डावं) येतं, आणि शिफ्ट-एफ१० किंवा कीबोर्डवरच्या मेन्यू कीने माउसडाउन येतच नाही.

कीबोर्डवरून आलेल्या इव्हेंटमधल्या क्लायंट-एक्स आणि क्लायंट-वाय या जागा सांगणाऱ्या आकड्यांवर विसंबू नका, ते ब्राउझरनुसार बदलतात. कीडाउनला (की दाबताना) एक फ्लॅग, म्हणजे खूण, लावा, तो कॉन्टेक्स्टमेन्यूमध्ये वाचा आणि मेन्यू फोकस असलेल्या घटकाच्या चौकटीला चिकटवून उघडा. फ्लॅग वाचून झाल्यावर आणि कुठलाही पॉइंटरडाउन (माउस, बोट किंवा पेन दाबल्याचा इव्हेंट) आल्यावर खाली करा. कीअपला करू नका, कारण विंडोजवर मेन्यू कीचा इव्हेंट की सोडताना येतो.

पानावर एकाहून जास्त मेन्यू असतील, म्हणजे ओळीचा वेगळा, टेबलाचा वेगळा, तर पुष्कळजण आतल्या हँडलरमध्ये स्टॉपप्रोपगेशन (इव्हेंट बाहेरच्या घटकांकडे जाऊ न देणारी आज्ञा) लावून मोकळे होतात. ही सवय वाईट आहे. बाहेर क्लिक झालं की आधीचा मेन्यू मिटवणारा कोड बहुतेक वेळा डॉक्युमेंटवर बसलेला असतो, आणि इव्हेंट मध्येच अडवला तर त्याला काही कळतच नाही. मग दोन मेन्यू एकावर एक उघडे राहतात. इव्हेंट वर जाऊ द्या. बाहेरच्या हँडलरने सुरुवातीलाच डिफॉल्टप्रिव्हेंटेड, म्हणजे आतल्या कोणी प्रिव्हेंटडिफॉल्ट केलंय का, तपासावं, आणि ते खरं असेल तर परतावं.

आता खरी अडचणीची जागा: कॅनव्हास, नकाशा, त्रिमितीय मॉडेल, जिथे राइट बटण दाबून ओढलं की दृश्य सरकतं आणि नुसतं क्लिक केलं की मेन्यू हवा असतो. विंडोजवर बसून लिहिणारा म्हणतो, ओढलं असेल तर कॉन्टेक्स्टमेन्यू अडवतो, नसेल तर उघडतो. त्याच्याकडे ते चालतं, कारण इव्हेंट शेवटी येतो. मॅकवर इव्हेंट सुरुवातीलाच येतो, तेव्हा माणूस पुढे ओढणार आहे की नाही हे कोणालाच माहीत नसतं. मेन्यू उघडतो आणि ओढणं तिथेच तुटतं. म्हणून कॅनव्हासवर कॉन्टेक्स्टमेन्यू नेहमीच अडवायचा. माउसकरता निर्णय पॉइंटरअपला घ्यायचा: पॉइंटरडाउनची जागा लक्षात ठेवा, सोडेपर्यंत कर्सर ४–५ पिक्सेलच्या आत राहिला असेल तरच स्वतःचा मेन्यू दाखवा. कीबोर्डचा मार्ग मात्र कॉन्टेक्स्टमेन्यूमधूनच ठेवा, तिथे पॉइंटरअप येत नाही.

यातली दुसरी खोच विंडोजवरची. माणूस कॅनव्हासवरून ओढत ओढत बाजूच्या पॅनेलवर जातो आणि तिथे बटण सोडतो. कॉन्टेक्स्टमेन्यू पॅनेलवर पडला तर कॅनव्हासवरची बंदी कामाची नाही, ओढून झाल्यावर ब्राउझरचा मेन्यू टपकतो. ओढणं सुरू झालं की डॉक्युमेंटवर कॅप्चर टप्प्यात (इव्हेंट आतल्या घटकाकडे पोचायच्या आधी) तात्पुरता हँडलर लावा. त्याने एक कॉन्टेक्स्टमेन्यू अडवावा आणि स्वतःला काढून घ्यावं. इव्हेंट आलाच नाही तर पुढच्या पॉइंटरडाउनला तो काढा, नाहीतर पुढचं भलतंच क्लिक गिळलं जाईल. ऑपेरा आणि विवाल्डीत राइट बटण धरून ओढण्याला ब्राउझरची स्वतःची माउस जेश्चर असतात. वापरणाऱ्याने ती चालू ठेवली असतील तर त्यांच्याशी झगडू नका, सरकवण्यासाठी स्पेसबार धरून ओढण्याचा दुसरा मार्ग द्या.

आणि ही सरसकट बंदी. प्रत्येक प्रकल्पात कोणीतरी ती सुचवतंच, बहुधा "मजकूर आणि चित्रं चोरीला जातील" असं सांगून. त्याने एकही चित्र वाचत नाही. चित्र ब्राउझरमध्ये उतरलेलंच असतं, डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये त्याचा पत्ता दिसतो आणि जावास्क्रिप्ट बंद केली की बंदीच नाहीशी होते. नुकसान होतं ते रोजच्या वापरणाऱ्याचं. लिहायच्या चौकटीत चुकलेल्या शब्दाला सुचवलेले पर्याय ब्राउझरच्याच मेन्यूत असतात, आणि ते पर्याय पानाला मिळवून देणारा एपीआय (ब्राउझरने कोडसाठी दिलेली सोय) नाही. पासवर्ड मॅनेजर आणि इतर एक्स्टेन्शन त्यांच्या नोंदी तिथेच घालतात. लिंक नव्या टॅबमध्ये उघडणं, तिचा पत्ता कॉपी करणं तिथेच. आपल्या मेन्यूत "पेस्ट" ठेवायचं तर क्लिपबोर्ड वाचायला एचटीटीपीएस लागतं, क्रोम परवानगी विचारतो, सफारी आणि फायरफॉक्स स्वतःचं छोटं पेस्टचं बटण मध्ये आणतात. इनपुट, टेक्स्टएरिया आणि कॉन्टेंटएडिटेबल या लिहायच्या जागांवर ब्राउझरचा मेन्यू तसाच राहू द्या. हँडलरच्या पहिल्याच ओळीत टार्गेट यांपैकी एखाद्याच्या आत आहे का ते क्लोजेस्ट (बाहेरचा जवळचा घटक शोधणारी पद्धत) वापरून बघा आणि परता. मजकूर निवडलेला असेल किंवा क्लिक लिंकवर असेल तेव्हाही मी परततो.

जिथे आपला मेन्यू घ्यायलाच हवा, तिथे ब्राउझरच्या मेन्यूकडे जायची वाट ठेवा. यूट्यूबच्या प्लेयरवर पहिल्या राइट क्लिकला त्यांचा मेन्यू येतो, दुसऱ्याला ब्राउझरचा. ही पद्धत मला सगळ्यांत रास्त वाटते. ती हवी असेल तर वर सांगितलेला मेन्यूवरचा हँडलर थोडा बदला: मेन्यू उघडा असताना आलेला कॉन्टेक्स्टमेन्यू अडवायचा नाही, फक्त आपला मिटवायचा. फायरफॉक्समध्ये शिफ्ट धरून राइट क्लिक केलं की पानाला कॉन्टेक्स्टमेन्यू इव्हेंट मिळतच नाही, थेट ब्राउझरचा मेन्यू येतो. म्हणून शिफ्ट-राइट क्लिकला स्वतःचं काही काम जोडू नका. फायरफॉक्सच्याच अबाउट-कॉन्फिग या प्रगत सेटिंगच्या पानावर पानाला हा मेन्यू अडवू न देण्याची सेटिंग आहे. ती लावलेल्याला दोन्ही मेन्यू एकदम दिसणार. तुमच्याकडे आलेल्या तक्रारींत फायरफॉक्सवाले असतील तर कोडला हात लावण्याआधी त्यांना हे विचारा.

कॅनव्हासवर किंवा डिव्हमध्ये मजकूर रंगवणारा एडिटर असेल तर आणखी एक युक्ती, आणि ती मला पाडाव करण्यापेक्षा मैत्री करण्याची वाटते. राइट क्लिक होताच एक पारदर्शक टेक्स्टएरिया कर्सरखाली सरकवा, त्यात निवडलेला मजकूर भरून सिलेक्ट करा आणि इव्हेंट अडवू नका. ब्राउझरला वाटतं क्लिक टेक्स्टएरियावर झालं, आणि कट, कॉपी, पेस्ट परवानगीशिवाय चालतात. कोडमिरर ५ हा कोड एडिटर आणि एक्सटर्म-जेएस हा ब्राउझरमधला टर्मिनल हेच करतात.

काही गोष्टी राहिल्या. मेन्यू सीएसएसच्या पोझिशन फिक्स्डने ठेवत असाल तर त्याला सामावणाऱ्या एखाद्या घटकाला ट्रान्सफॉर्म नाही ना ते बघा, नाहीतर मेन्यू भलतीकडेच उघडतो. पॉपओव्हर ॲट्रिब्यूटचा ऑटो प्रकार (बाहेर क्लिक झालं की आपोआप मिटणारा) वापरलात तर मॅकवर बटण दाबताना उघडलेला मेन्यू बटण सोडताना मिटू शकतो, तिथे मॅन्युअल घ्या आणि मिटवणं स्वतः करा: बाहेर पॉइंटरडाउन, एस्केप, स्क्रोल आणि विंडोचा ब्लर. ब्लर विसरू नका, आयफ्रेमच्या आत झालेलं क्लिक बाहेरच्या पानाला कळत नाही. दुसऱ्या ओरिजिनच्या, म्हणजे दुसऱ्या साइटच्या, आयफ्रेममधला राइट क्लिकही तुमच्या हातात नाही.

सार्वजनिक ठिकाणी एकाच कामासाठी लावलेल्या स्क्रीनवर सरसकट बंदी घातली तर माझी हरकत नाही. आयफोन आणि आयपॅडवर मात्र सफारीत बोट दाबून धरलं तरी कॉन्टेक्स्टमेन्यू इव्हेंट येत नाही. तिथे साधारण ५०० मिलिसेकंदांचा टायमर लावा, बोट १० पिक्सेलहून जास्त सरकलं तर तो रद्द करा, आणि लिंक व चित्रांवर वेबकिट-टच-कॉलआउट नन ठेवा, म्हणजे सफारीचा स्वतःचा मेन्यू येणार नाही. किंवा प्रत्येक ओळीत तीन ठिपक्यांचं बटण द्या आणि तोच मेन्यू त्यावरूनही उघडा. तुमच्या टेबलासाठी मी हेच आधी करेन, कारण ते बोटाने, कीबोर्डने आणि स्क्रीन रीडरनेही चालतं.