संवेग, आवेग आणि 'अक्षय्य'मधला दुहेरी य

प्रश्न असा आहे: मोमेंटमला संवेग म्हणतात आणि इम्पल्सला आवेग. दोन्हींत 'वेग' आहेच, मग फरक कशात? शिवाय 'संवेग अक्षय्यता' (एकूण संवेग कायम राहतो, हा नियम) यातला 'य्य' ही छपाईची चूक आहे का?

पहिल्याचे उत्तर एका ओळीत: संवेग वस्तूकडे असतो, आवेग वस्तूला मिळतो. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. बल गुणिले ते बल जितका वेळ लागले तो काळ म्हणजे आवेग, आणि तो संवेगात झालेल्या बदलाइतकाच भरतो. आवेगाचे न्यूटन-सेकंद आणि संवेगाचे किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद हे एकच माप असल्यामुळे गोंधळ वाढतो. १६० ग्रॅमचा चेंडू सेकंदाला २० मीटरने येतोय, तर त्याचा संवेग ३.२. झेल घेणाऱ्याने तो ०.०१ सेकंदात थांबवला तर हाताला सरासरी ३२० न्यूटन बल सोसावे लागते. हात मागे घेत ०.१ सेकंद लावला तर ३२. आवेग दोन्ही वेळा ३.२च.

व्युत्पत्तीचा इथे फारसा उपयोग नाही. वेग, आवेग, उद्वेग, संवेग हे सगळे 'विज्' धातूचे, म्हणजे थरथरणे, बिचकणे. पालीत तर संवेग म्हणजे मन हादरणे. भौतिकशास्त्रातला अर्थ आपण ठरवून दिलेला आहे, तो तसाच घ्यावा.

खरी मेख 'वेग' शब्दात आहे. बोलताना आपण वेग आणि चाल एकच धरतो; शास्त्रात वेगाला दिशा असते, चालीला नसते. मातीचे १०० ग्रॅमचे दोन ओले गोळे सेकंदाला ३ मीटरने समोरासमोर येऊन चिकटले आणि जागीच थांबले. चाल धरून बेरीज केली तर ०.६ इतका संवेग गेला कुठे, असा पेच पडतो. एका दिशेला अधिक, दुसऱ्या दिशेला उणे चिन्ह दिले की बेरीज आधीही शून्य, नंतरही शून्य. गेली ती ०.९ ज्यूल गतिज ऊर्जा, गोळे चेपण्यात आणि उष्णतेत.

आता 'य्य'. चूक अजिबात नाही, उलट फार नेमका शब्द आहे. पाणिनीचे सूत्र आहे: 'क्षय्यजय्यौ शक्यार्थे'. ज्याचा क्षय होऊ शकतो ते क्षय्य, जे जिंकता येते ते जय्य. म्हणून अक्षय म्हणजे क्षय नसलेले, आणि अक्षय्य म्हणजे ज्याचा क्षय होऊच शकत नाही असे. नियमाला हेच म्हणायचे आहे, फक्त बाहेरून बल लागत नसेल ही अट लक्षात ठेवून.

कॅरमवर बघा. १५ ग्रॅमचा स्ट्रायकर सेकंदाला २ मीटरने ५ ग्रॅमच्या स्थिर सोंगटीवर सरळ बसला. ऊर्जा अजिबात वाया गेली नाही असे धरले, तर सोंगटी ३ मीटरने सुटते आणि स्ट्रायकर १ मीटरने त्याच दिशेने पुढे सरकतो. आधी १५ × २ = ३०, नंतर १५ × १ + ५ × ३ = ३०. प्रत्यक्षात 'टक्' आवाज आला तिथेच थोडी ऊर्जा गेलेली असते, त्यामुळे सोंगटी ३ पेक्षा जरा कमीच वेगाने निघते. हाच स्ट्रायकर मागे का पळतो, असे कुणी विचारले तर सोंगटी मागे कडेला टेकलेली होती का ते बघा. तिथे कडेचे बल आले आणि अट मोडली.

जाता जाता 'धडक' आणि 'टक्कर'. बातमीत ट्रक दुचाकीला धडक 'देतो', म्हणजे एक करणारा आणि एक सोसणारा. टक्कर मात्र दोघांची 'होते'. भौतिकशास्त्राला टक्करच हवी, कारण दोघांवरचे बल सारखेच असते. १०,००० किलोचा ट्रक आणि स्वारासह २०० किलोची दुचाकी: बल तेवढेच, पण ट्रकच्या वेगात जितका बदल होतो त्याच्या ५० पट दुचाकीच्या वेगात होतो. धडक कुणी दिली हे पोलिसांनी ठरवायचे.