न्यू ऑर्लीन्सच्या झेवियर युनिव्हर्सिटीचा आपल्या मुंबईच्या झेवियर्सशी काही संबंध आहे का? ती फक्त कृष्णवर्णीय कॅथलिकांसाठीच आहे का? माझ्या भाचीला तिथे फार्मसी करायची आहे.

संबंध नावापुरता. सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव जुन्या गोव्यात आहे, आणि त्यांच्या नावाची शाळा-कॉलेजं जगभर आहेत. मुंबईचं १८६९ सालचं कॉलेज जेझुइट पाद्र्यांचं (कॅथलिक चर्चमधला हा एक संघ), ओहायोतल्या सिनसिनाटीचं झेवियरही त्यांचंच. बास्केटबॉलमुळे लोकांना ते सिनसिनाटीचंच जास्त ठाऊक असतं, गूगलवरही बहुतेक तेच आधी येतं, तेव्हा अर्ज करताना सांभाळा. न्यू ऑर्लीन्सचं झेवियर मात्र जेझुइटांचं नव्हे. याच शहरात जेझुइटांचं लोयोला विद्यापीठ होतं, पण तिथे त्या काळी कृष्णवर्णीयांना दार बंद होतं. झेवियर निघालं ते त्यामुळेच.

मी इथे फार्मसिस्ट आहे. या शहरात औषधांच्या काउंटरमागे झेवियरचं कोणी ना कोणी शेजारी असतंच, त्यामुळे ही कहाणी माझ्या कानावर पुष्कळदा आलेली आहे. त्यातला पैशांचा भाग सगळ्यात रंजक.

झेवियर काढलं ते कॅथरीन ड्रेक्सेल यांनी. त्या १८५८ साली फिलाडेल्फियात जन्मल्या. वडील बडे बँकर, काका अँथनी हे जे. पी. मॉर्गनचे भागीदार. वडील १८८५ मध्ये वारले तेव्हा इस्टेट साधारण दीड कोटी डॉलरची होती. दहावा हिस्सा धर्मादाय संस्थांना गेला, उरलेला ट्रस्टमध्ये. तिन्ही मुलींना फक्त व्याज मिळायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही. पैशावर डोळा ठेवून कोणी जावई व्हायला येऊ नये म्हणून ही तजवीज, असं सांगतात. मुलींमागे पैसा त्यांच्या मुलाबाळांना, आणि मुलंबाळं नसतील तर मृत्युपत्रात नावं दिलेल्या संस्थांना.

१८८७ मध्ये कॅथरीनबाई पोप लिओ तेरावे यांना भेटल्या आणि मूलनिवासी अमेरिकनांसाठी मिशनरी पाठवा म्हणाल्या. पोपनी विचारलं, तूच का होत नाहीस? १८९१ मध्ये त्यांनी नन्सची स्वतःची संस्था काढली, सिस्टर्स ऑफ द ब्लेस्ड सॅक्रामेंट, आणि व्याजाचा सगळा ओघ मूलनिवासी आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांकडे वळवला. पुढे प्राप्तिकर आला आणि त्यातला मोठा लचका सरकारकडे जाऊ लागला. मग १९२४ च्या कर-कायद्यात एक कलम घातलं गेलं: दहा वर्षं ज्यांच्या उत्पन्नाचा ९० टक्क्यांहून जास्त भाग दानात आणि करात गेला, त्यांना दानावर पूर्ण सूट. देशभरात त्यात बसणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असणार! करवाल्यांमध्ये ते फिलाडेल्फियाच्या ननचं कलम म्हणूनच ओळखलं जाई.

साउदर्न युनिव्हर्सिटी ही कृष्णवर्णीयांची संस्था न्यू ऑर्लीन्स सोडून बॅटन रूज या गावी गेली. तिची मॅगझिन स्ट्रीटवरची जुनी इमारत घेऊन बाईंनी १९१५ मध्ये शाळा सुरू केली, तीच पुढे झेवियर झाली. १९२५ मध्ये कला-विज्ञान महाविद्यालय, १९२७ मध्ये फार्मसी, आणि १९३२ मध्ये हल्लीचा दगडी, हिरव्या छपरांचा परिसर. बाई १९५५ मध्ये ९६ व्या वर्षी गेल्या. बहिणी आधीच गेलेल्या, कोणालाच वारस नाही. मुद्दल वडिलांच्या यादीतल्या संस्थांना वाटलं गेलं. यादी केली तेव्हा बाईंची संस्था जन्मालाच आलेली नव्हती, म्हणून झेवियरला त्यातलं काही मिळालं नाही. पुढे २००० साली चर्चने बाईंना संतपद दिलं. विद्यापीठ तोवर फी आणि देणग्यांवर ओढाताण करतच चाललं होतं.

ते तरलं त्यात नॉर्मन फ्रान्सिस यांचा वाटा फार मोठा. ते झेवियरचेच पदवीधर, आणि ज्या लोयोलात प्रवेश नव्हता तिथूनच कायद्याची पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय. १९६१ मध्ये फ्रीडम रायडर्सना, म्हणजे बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध प्रवास करून आंदोलन करणाऱ्यांना, अलाबामात मारहाण झाली आणि ते विमानाने इथे आले, तेव्हा त्यांना ठेवून घेणारं कोणी मिळेना. फ्रान्सिस तेव्हा विद्यार्थ्यांचे डीन होते. त्यांनी गाजावाजा न करता वसतिगृहात सोय केली. ज्या दिवशी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, त्याच दिवशी, ४ एप्रिल १९६८ ला, त्यांनी अध्यक्षपद स्वीकारलं. नन्सच्या बाहेरचे ते पहिलेच अध्यक्ष, आणि खुर्चीत राहिले ४७ वर्षं. विद्यापीठाजवळच्या हमरस्त्याला गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या जेफरसन डेव्हिसचं नाव होतं, २०२१ पासून त्यावर फ्रान्सिस यांचं नाव आहे.

इतकं छोटं लिबरल आर्ट्स विद्यापीठ, जेमतेम तीनेक हजार विद्यार्थी, पण कृष्णवर्णीय मुलांना मेडिकलपर्यंत पोचवण्यात ते वर्षानुवर्षं देशात आघाडीवर राहिलं. याचं श्रेय बरेच जण श्रद्धेला देतात. मला ते रसायनशास्त्राच्या जे. डब्ल्यू. कारमायकल यांच्या शिस्तीचं वाटतं. शाळेत कच्ची राहिलेली मुलं गाळायची नाहीत, उन्हाळ्यात बोलावून तयार करायची. प्राध्यापक कोणीही असो, सगळ्या वर्गांना एकच वर्कबुक, आणि अभ्यास एकट्याने नाही, गटात. ओबामांच्या काळात सर्जन जनरल, म्हणजे सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या मुख्य डॉक्टर, झालेल्या रेजिना बेंजामिन याच कॉलेजच्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न. नाही, प्रवेश सगळ्यांना आहे. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांसाठी निघालेल्या, ‘ऐतिहासिक कृष्णवर्णीय’ म्हणवल्या जाणाऱ्या विद्यापीठांत कॅथलिक असं हे एकच, हे खरं, पण बहुसंख्य विद्यार्थी कॅथलिक नाहीत. चर्चमधल्या मिसला (सामूहिक प्रार्थनेला) जायची सक्ती नाही. फार्मसीची एक नवी इमारत तर कतारच्या देणगीतून उभी राहिलीय.

भाचीच्या फार्मसीबद्दल लिहिलंय म्हणून सांगते. इथे बी.फार्म. नाही, फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) आहे: आधी किमान दोन वर्षांचे पूर्वतयारीचे विषय, मग चार वर्षं. खर्चाचा हिशेब सहा वर्षांचा धरा. आणि जून ते नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम. कतरिना चक्रीवादळात, ऑगस्ट २००५ मध्ये, सगळा परिसर पाण्याखाली गेला होता, तरी जानेवारीत वर्ग भरले. आता वादळाचा इशारा आला की वसतिगृहं रिकामी करायची वेळ येऊ शकते, तेव्हा शेजारच्या टेक्सास राज्यात ह्यूस्टनकडे कोणी ओळखीचं असेल तर त्यांना आधीच सांगून ठेवा.