दारात ठेवलेली खोकी

प्रश्न : आम्ही नवरा-बायको गावाबाहेर शेतात राहतो. चार वर्षांपूर्वी एक लंगडी कुत्री सांभाळली, तिथून सुरुवात झाली. आज २३ कुत्री आणि १४ मांजरं आहेत. जनावरांचे डॉक्टर दोन तासांवर. लोक रात्री फाटकापाशी पिल्लांची खोकी ठेवून जातात. गेल्या महिन्यात अशा एका खोक्यातली पाच पिल्लं आमच्या पिल्लांत सोडली आणि आठ-दहा दिवसांत एकूण नऊ दगावली. उलट्या, रक्ताची हगवण. सगळी जागा फिनाईलनं धुऊन काढली. काल पुन्हा एक खोकं आलं. ती तीन पिल्लं तूर्त स्वयंपाकघरात आहेत. नाही म्हणवत नाही. पुढं काय करावं?

उत्तर : आधी स्वयंपाकघरातल्या तिघांचं बोलू, बाकीचं नंतर. त्यांना बाहेर सोडू नका. न्हाणीघर असेल तर तिथं हलवा, फरशी धुता येते. १४ दिवस तिथंच. त्यांची भांडी, झाडू, फडकी वेगळी. रोज सगळ्यांचं आवरून झालं की शेवटी त्यांच्याकडे जायचं, दाराशी चपला बदलायच्या आणि बाहेर आलं की साबणानं हात धुवायचे.

तुम्ही जे वर्णन केलंय ते बहुतेक पार्व्हो, कुत्र्यांच्या पिल्लांना होणारा विषाणूचा रोग. नक्की डॉक्टरच सांगतील, विष्ठेची तपासणी होते. हा विषाणू १९७८ साली ओळखला गेला आणि एक-दोन वर्षांत जगभर पोचला. कसा पोचला असेल ते तुमच्या अंगणातच दिसतं : चपलेवरून, भांड्यावरून, धुतलेल्या पण नीट न धुतलेल्या हातावरून. लागण झाल्यावर पिल्लू काही दिवस, कधी आठवडाभर, अगदी ठणठणीत खेळत असतं. म्हणून ‘चांगली दिसत होती हो’ याला काही अर्थ नाही. त्यासाठीच चौदा दिवस.

मी तीस वर्षं परिचारिका होते. हात न धुता वॉर्डात शिरणाऱ्या मोठमोठ्या डॉक्टरांना मी दारात अडवलंय. आणि घरी, माझ्या स्वतःच्या निवाऱ्यात, एकाच चपला घालून आजारी पिल्लांकडून निरोगी पिल्लांकडे गेले. सात पिल्लं गेली. भुरी तेवढी वाचली. ती आता म्हातारी झालीय आणि अजून माझ्या चपला पळवते. पळव बाई, तुझा हक्क आहे.

फिनाईलवर भिस्त ठेवू नका. पार्व्हो त्याला दाद देत नाही आणि तुमच्याकडे मांजरं आहेत, त्यांना तर ते विषच. अंगाला, पायांना लागतं, ती चाटतात. त्यापेक्षा घरगुती द्रव ब्लीच घ्या : एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी. आधी साबणानं घाण पूर्ण काढा, कारण घाणीवर ब्लीच वाया जातं. मग द्रावण टाकून दहा मिनिटं ओलं राहू द्या, नंतर धुवा. द्रावण रोज ताजं करा, खिडक्या उघड्या ठेवा, दुसरं कुठलंही साफसफाईचं औषध त्यात मिसळू नका. हे फरशीचं झालं. मातीचं काही करता येत नाही. मातीत हा विषाणू कित्येक महिने, सावलीत वर्षभरसुद्धा टिकतो. ज्या अंगणात ती पिल्लं दगावली तिथं लस पूर्ण झालेली मोठी कुत्री खुशाल सोडा, पण लहान पिल्लू वर्षभर तिथं नको.

लसीबद्दल एक गोष्ट लोक विसरतात. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, आणि ते कधी उतरेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून सहा आठवड्यांपासून सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यावे लागतात. ‘एक सुई दिली होती’ म्हणजे लस झाली असं नव्हे. वहीत तारखा लिहा. माझी वही दाराच्या कडीला सुतळीनं बांधलेली आहे, नाहीतर ती नेमकी पावसात सापडते.

आता नाही म्हणण्याचं. निवारे चालवणारे लोक एक जुना हिशेब धरतात : एका जनावरामागे रोज किमान १५ मिनिटं, ९ सफाईची आणि ६ खाण्यापिण्याची. तुमची ३७ जनावरं. सव्वानऊ तास झाले, आणि यात जखमेची मलमपट्टी नाही, डॉक्टरकडची खेप नाही, शेतही नाही. तुम्ही दोघं ते नऊ तास रोज देता का? देत नसाल तर कुणाच्या तरी वाट्याची मिनिटं कापली जाताहेत, आणि ती बहुधा कोपऱ्यात गप्प बसलेल्याची असतात. मी एकदा असाच हिशेब मांडला. त्याच दिवशी मला कळलं की टिक्क्याच्या कानात किडे पडलेत. निदान तीन दिवसांचे असतील. तो कधी ओरडलाच नव्हता. त्यानंतर मी माझा आकडा ठरवला, १८. एकोणिसावं येतं ते अठरातलं एक चांगल्या घरी गेल्यावर.

फाटकावर निवाऱ्याची पाटी आहे का तुमच्या? असेल तर काढा. मी काढली. खोकी थांबली नाहीत, पण कमी झाली. दिवसाउजेडी कुणी पिल्लं घेऊन आलं तर मी ओरडत नाही (पूर्वी फार ओरडायचे, मग लोक रात्री येऊ लागले). जंताचं औषध देते, लसीच्या तारखा लिहून देते आणि सांगते, दोन महिने तुमच्याकडे ठेवा, घर मी शोधते. दहातले चार-पाच ऐकतात. आणि एक विचारते : यांची आई कुठंय? खरं काम तिथं आहे. आमच्या भागातली निम्मी खोकी तीन घरांतून येत होती. कुत्रीचा गर्भ ६३ दिवसांचा, मांजरीचाही जवळपास तेवढाच. मांजर तर चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि पिल्लं पीत असताना पुन्हा माजावर येते. त्या तीन घरच्या माद्यांची शस्त्रक्रिया मी स्वतः नेऊन करून आणली. घरच्यांना फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. डॉक्टर दोन तासांवर असतील तर महिन्यातला एक दिवस त्यांच्याकडून ठरवून घ्या आणि एका खेपेत जमतील तेवढ्या न्या. माझं मत विचाराल तर नवी खोली बांधण्याआधी हे करा.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत म्हणून दटावून विचारते. तुम्ही दोघांनी रेबीजची आगाऊ लस घेतलीय का? पहिला डोस, मग सात दिवसांनी दुसरा; पुढचा लागतो का ते डॉक्टर सांगतील. खोक्यातल्या एवढ्याशा पिल्लालाही रेबीज असू शकतो. चावलं, ओरखडलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं घड्याळ लावून धुवा, आणि आगाऊ लस झालेली असली तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन पुढचे डोस घ्या. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ वाचतच नाही. हे पत्र बाजूला ठेवून आधी ते ठरवा.

प्रश्न : गोठ्यात मांजरीचं एकच पिल्लू सापडलं, डोळे मिटलेले आहेत. गाईचं दूध पाजतोय, पण जुलाब होतात.

उत्तर : गाईचं दूध बंद. मांजराच्या पिल्लांसाठी दुधाची पावडर मिळते, ती आणा. मात्र पिल्लू गार असेल तर आधी ऊब द्या, मग दूध. गार अंगाला दूध पचत नाही. कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवा. पाजताना माणसाच्या बाळासारखं उताणं धरू नका, पोटावर ठेवा, नाहीतर दूध फुप्फुसात जातं. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं शेपटीखाली हलकेच चोळा. आई चाटते ती त्यासाठीच, त्याशिवाय त्याला शी-शू होत नाही. रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. दिवसाला दहा ग्रॅमच्या आसपास वाढायला हवं. एक दिवस तेवढंच राहिलं तर लक्ष ठेवा. घटलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.