अर्धा भरलेला कप

पत्र : ताई, माझ्या मालकांना सहा वर्षांपूर्वी बायपोलर आजाराचं (मन कधी अति चढतं, कधी पार खचतं) निदान झालं. तेव्हापासून लिथियमच्या ३००च्या गोळ्या चालू आहेत, सकाळी एक, रात्री दोन. गेली चार वर्षं काही त्रास नाही. सासूबाई म्हणतात, पोरगा खडखडीत बरा झालाय, गोळ्या बंद करा. नणंदेला स्थळं बघतोय, पाहुण्यांच्या कानावर गेलं तर काय, ही त्यांना धास्ती. गोळ्या मी पिठाच्या डब्यामागे ठेवते. दोन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर मेडिकलवाला देतो, कारण सांगलीला त्या दवाखान्याच्या दारात तासगावचं कुणी ना कुणी भेटतंच. बाकी तक्रार नाही. बेदाण्याच्या शेडवर दिवसभर उभं राहून गुडघे दुखतात, त्याची गोळी तेवढी दोन वेळा घेतात. हात जरा थरथरतात म्हणून चहाचा कप मी अर्धाच भरते. सासूबाईंना कसं समजावू? — एक सून, तासगाव

उत्तर : सासूबाईंचं नंतर बघू. कप अर्धा भरायला तू कधीपासून लागलीस, ते आधी आठव. लिथियम सुरू झालं तेव्हापासून की या उन्हाळ्यात, गुडघ्याची गोळी सुरू झाल्यावर?

लिथियमने बोटांना बारीक कंप बऱ्याच जणांना येतो आणि त्याने घाबरायचं कारण नसतं. पण कप सांडायला लागावा इतका वाढलेला कंप म्हणजे रक्तातलं लिथियम चढल्याची खूण असू शकते. तू ते ‘जरा’ या एका शब्दात उरकलंस आणि सगळं पत्र सासूबाईंवर खर्च केलंस, याचा मला राग आलाय.

नेमकं काय होतं ते समजून घे. लिथियम हे एक प्रकारचं मीठच. शरीर ते पचवून मोडत नाही, जवळजवळ सगळं लघवीवाटे जातं. म्हणजे सारा भार मूत्रपिंडावर. शेडवर एप्रिल-मेच्या उन्हात घाम गेला की अंगातलं पाणी आणि मीठ घटतं. मग मूत्रपिंड मीठ धरून ठेवायला लागतं, आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवतं. त्यात दुखण्याची गोळी. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, असिक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात, की लिथियम आणखी साठतं. तू मोजून तीनच गोळ्या देतेस, पण अंगात चार-पाच घेतल्यासारखं होऊ शकतं. बीपीच्या काही गोळ्या, म्हणजे टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, यांचंही तसंच. घरात कुणी ‘मीठ कमी करा’ म्हणालं असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाल.

आज रात्री जेवणाआधी त्यांना दोन्ही हात समोर ताठ धरायला सांग, बोटं पसरून, आणि पंजांवर वहीचा कागद ठेव. कागदाची कड नुसती शहारते की कागद फडफडून खाली पडतो, बघ. मग स्वतःचं नाव लिहायला लाव आणि बँकेच्या पासबुकावरच्या जुन्या सहीशी ताडून बघ. अंगणात दहा पावलं सरळ चालायला सांग.

कागद फडफडत असेल, पावलं झोकांड्या खात असतील, बोलताना जीभ जड वाटत असेल, उलट्या-जुलाब असतील किंवा ते गुंगीत, गोंधळल्यासारखे असतील, तर उद्याची वाट बघू नकोस. पुढची लिथियमची गोळी देऊ नकोस आणि त्याच रात्री मिरजेचं शासकीय रुग्णालय किंवा जवळचं कॅज्युअल्टी असलेलं मोठं हॉस्पिटल गाठ. आत शिरल्यावर पहिला शब्द ‘लिथियम’ हाच काढ. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या सांगितल्या की ऊन लागलं समजून सलाईन लावून घरी पाठवतात, आणि तू लाजेपायी गोळीचं नाव गिळलंस तर लिथियमची तपासणी करायचं कुणाला सुचणारही नाही.

यातलं काही नसेल तर दुखण्याची गोळी आजच बंद. गुडघ्याला तोवर पॅरासिटामॉल चालेल. आणि उद्या सकाळी रक्त. लॅबमध्ये ‘सीरम लिथियम’ असंच सांग, सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि कॅल्शियम. रात्रीच्या गोळीपासून बरोबर १२ तासांनी रक्त द्यायचं आणि ते दिल्याशिवाय सकाळची गोळी घ्यायची नाही. इथेच लोक चुकतात. सवयीने सकाळी गोळी घेऊन जातात, आकडा उगाच वर येतो आणि डॉक्टर डोस कमी करून बसतात. नेहमीच्या उपचारात तो आकडा साधारण ०.६ ते ०.८ असतो, काहींना १.० पर्यंत ठेवतात. १.५ च्या वर विषबाधा धरतात. पण वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्याला त्याखालीही त्रास होऊ शकतो, म्हणून आकडा बरा दिसला तरी हातांचं सांगायचंच.

रिपोर्ट आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, गुडघ्याच्या गोळीसकट, एका पिशवीत घालून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. हो, सांगलीलाच, त्याच दारातून. स्थिर माणसाचीही ही तपासणी सहा महिन्यांनी व्हायला हवी. ओळखीचं कुणी भेटेल म्हणून तू ती दोन वर्षं चुकवलीस. सासूबाईंनी गोळ्या बंद करा म्हटलं, पण एकही बंद केली नाही. लपवलं तू आहेस.

आता सासूबाई. चार वर्षं आजाराचा झटका आला नाही, तो गोळी चालू आहे म्हणून. बायपोलरमध्ये झटका ओसरतो, आजाराकडे असलेला कल राहतो, आणि लिथियम त्या कलाला आवर घालतं. त्याचं व्यसन लागत नाही. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरने उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला, आणि आत्महत्येचा धोका कमी करणाऱ्या औषधांत त्याचं नाव आजही वर आहे. एकदम बंद केलं तर थोड्याच महिन्यांत पुन्हा झटका येण्याची भीती मोठी. कधी काळी बंद करायचंच ठरलं तर ते डॉक्टर ठरवतील, आणि तेही निदान चार आठवडे, शक्यतो तीन महिने हळूहळू उतरवत. हे तू घसा कोरडा करून सांगू नकोस, सासूबाईंनाच बरोबर ने आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकव. दवाखाना गाठायला वेळ लागणार असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात.

नणंदेच्या स्थळांचं एवढंच, की भावाला आजार असला तरी बहुतेक भावंडांना तो होत नाही. पाहुण्यांना कधी, किती सांगायचं ते घरात बसून ठरवा, पण त्यापायी तपासणी अडायला नको.

शेडवर पाण्याची बाटली भरून दे. जेवणातलं मीठ रोज जेवढं असतं तेवढंच ठेव, आणि निर्जळी उपास त्यांना करू देऊ नकोस. कागदाची कड फक्त शहारली असेल तर रात्रीच्या दोन गोळ्या आठला दे, म्हणजे उद्या आठला रक्त देता येईल.