एलियन ३ पहिल्यांदाच बघतोय, थिएटरवालं व्हर्जन बघू की असेंब्ली कट?

असेंब्ली कटच लावा, २००३ च्या डीव्हीडी सेटमधे आलेला, १९९२ च्या थिएटरवाल्यापेक्षा जवळपास अर्धा तास मोठा आहे. दोन्ही पाहिलेत मी, यात सुरुवातीला तो ओसाड किनारा आणि बैल लावून यान ओढतात ते बघायला मिळतं, शिवाय गोलिक नावाच्या कैद्याचा अख्खा ट्रॅक आहे, थिएटरवाल्यात तोच उडवल्यामुळे हा माणूस मधेच गायब होतो आणि आपण विचार करत बसतो की गेला कुठे. फक्त एक, हा कट दिग्दर्शक फिंचरने स्वतः केलेला नाही, आणि शेवटची बोगद्यातली पळापळ यातही लांबतेच, प्राणी काही शॉट्समधे चिकटवल्यासारखा दिसतो. पण डिलन या कैद्याचं अंत्यविधीचं भाषण नीट ऐका, अंगावर काटा येतो अक्षरशः.