शहाणी की ब्रेव्ह?

सानू,

काल तपासणीसाठी रक्त देऊन आल्यावर तू जंपरवरचा 'आय वॉज ब्रेव्ह'वाला स्टिकर व्हिडिओ कॉलवर आजीला दाखवलास, ती म्हणाली "शहाणी गं माझी बाय ती", आणि फोन ठेवल्यावर तू म्हणालीस, मी शहाणी नव्हते, ब्रेव्ह होते, तुमच्या मराठीत त्याला शब्दच नाही का? ते 'तुमच्या' जरा लागलं गं. म्हणून लिहितेय, कंटाळा आला तर दे सोडून.

शब्द ढीगभर आहेत. शूर आहे, पण तो आमच्या चौथीच्या शिवछत्रपतींच्या पुस्तकात, तानाजी-बाजीप्रभूंसाठी. घरात कुणी म्हणालंच तर "मोठी शूर लागून गेलीस, उतर खाली!" धाडसी म्हटलं की पेपरातली बातमी वाटते. आणि धीट मला मावशी म्हणायची, पाहुण्यांसमोर न लाजता बोलायचे म्हणून, पण त्यात निम्मं कौतुक आणि निम्मं "आवरा हिला". इंग्रजीतही आहे म्हणा हे, ऑफिसात बॉस 'ब्रेव्ह डिसिजन' म्हणाला की मी गुपचूप बेत गुंडाळते. आणि तुझा ब्रेव्ह तरी कुठे मूळचा इंग्रजी, इटालियन ब्राव्होवरून फ्रेंचमार्गे आलेला, जशी आपली हिंमत अरबीतून फारसीमार्गे आली.

सात वर्षांची असताना वाईच्या घाटावर शेवाळावरून घसरले, हनुवटीला तीन टाके. तू बोट लावून बघतेस ना, तीच खूण. आबांनी हात धरलेला, मी दात आवळून गप्प. बाहेर आल्यावर "शहाणं बाळ ते" म्हणत त्यांनी लिमलेटची गोळी दिली. सायकलच्या दांडीवर बसवून घरी नेलं तेव्हा हँडलवरचे त्यांचे हात इतके थरथरत होते की घंटी आपोआप किणकिणत होती. मला तेव्हा गंमत वाटली.

आमच्याकडे न रडणं म्हणजे शहाणपण. तेच बरोबर असं नाही म्हणत मी. काल तू भोकाड पसरलंस तरी नर्सने स्टिकर दिला, तेव्हा मनात आलंच, रडली की ही! पण हात तू आपणहून पुढे केला होतास, ते मी बघितलं.

आजीला मात्र चूक म्हणू नकोस हं. आबा गेले तेव्हा मी विमानतळावरून थेट घरी पोचले, तेव्हाही तिने माझ्या पाठीवरून हात फिरवत तेच म्हटलं होतं. रविवारी तूच सांग तिला, मी रडले होते म्हणून. बघू काय म्हणते.

आई