आजेसासूबाईंना आत्ताच विचारून घे

नवऱ्याचं हंगेरियन घराणं मुलांना कळावं म्हणतेस, तर आधी कागदपत्रांच्या मागे लागू नकोस. आजेसासूबाईंसोबत स्वयंपाकघरात उभी राहा. पापरिका (लाल मिरचीची हंगेरियन पूड) घालताना त्या पातेलं आचेवरून उतरवतात ना? करपली की कडू होते म्हणून. फोन रेकॉर्डिंगला लाव आणि बोलता बोलता गावाचं नाव, धर्मपंथ, माहेरचं आडनाव काढून घे.

गाव आजच्या हंगेरीत सापडलं नाही तर गोंधळू नकोस. पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीच्या सीमा ठरवणाऱ्या १९२०च्या ट्रियानॉन तहाने कितीतरी गावं रोमानिया, आजचं स्लोवाकिया, सर्बिया यांच्याकडे गेली. सरकारी जन्म-मृत्यू नोंदी ऑक्टोबर १८९५पासूनच्या. त्याआधीचं चर्चच्या नाहीतर ज्यूंच्या सिनेगॉगच्या वह्यांत शोधायचं. आडनाव आधी लिहितात, आपल्या हजेरीपटासारखं.

घरातलं कुणी १९५६चा सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धचा हंगेरीतला उठाव चिरडल्यावर पळून आलेलं असेल, तर त्याला त्या दिवसांबद्दल खोदून विचारू नये, असं माझं मत. आपणहून बोलले तर ऐकावं.

भाषेला नुसता शनिवारचा क्लास पुरत नाही. तिकडच्या चुलत भावंडांशी व्हिडिओ कॉल लावून दे. आणि ५ डिसेंबरच्या रात्री मुलांना बूट घासून खिडकीत ठेवायला सांग, मिकुलाश, म्हणजे तिकडचा संत निकोलस, त्यात खाऊ ठेवून जातो. आमच्याकडे बूट घासायचा उत्साह वर्षातून तेवढाच!